दोष मी वाचते, उपाय तू सांग

कौसे,

तुझं बोचकं वर होतं आणि मी खाली बसले होते.

तुला पोचवून माणसं परत आली, अंघोळी झाल्या, आणि तुझ्या बाळूनं पहिलं काम काय केलं असेल, तर देवघराला पडदा लावला. समई उचलून आत ठेवली. मग माझ्या उशाशी आला. लाल कापडात बांधलेलं आपलं बोचकं दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, "मोठ्याई, सुतक फिटंस्तोवर पोथीला हात लावायचा न्हाय. वर ठिवतो." फडताळाच्या पार वरच्या खणात, देवाच्या ताम्हनामागं, त्यानं ते ठेवून दिलं.

मी काय म्हणलं असेल?

"व्हय बाबा, ठिव."

ऐकलंस ना? आईला अग्नी देऊन आलेलं लेकरू मोटारीच्या वायंडिंगच्या पुस्तकाला कपाळ लावतंय, आणि मी समोर बसून मान डोलावतेय. रडून रडून तोंड सुजलं होतं, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. पण त्या घटकेला मी रडत नव्हते, कौसे. मला माझीच लाज वाटत होती.

तुला हे सांगायची गरज नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण हे लिहिलेलं आता चार लोकांच्या हाती पडणार आहे, आणि पडावंच असं मी ठरवलंय, म्हणून पहिल्यापासून सांगते. तू म्हणायचीस ना, आधी जोडणीचं चित्र बघावं आणि मग दुरुस्तीला हात घालावा. तसंच.

मी या घरची थोरली सून, तू धाकटी. मी दुसरी शिकलेली. अक्षर ओळखायचे, पण एक शब्द जुळवेपर्यंत आधीचा विसरायचे. तू सातवी. तुझ्या भावाचं तुळजापुरात मोटार भरायचं दुकान होतं, विहिरीवरची जळालेली मोटार खोलून तिच्यात नवी तार गुंडाळून, वायंडिंग करून द्यायचा. लग्नात त्यानं भांडी दिलीच, वर तुझ्या पेटीत साड्यांच्या खाली तीन पुस्तकं घातली. एक मोटारीचं, एक माणसाच्या शरीराचं, एक आकाशातल्या ताऱ्यांचं. तू पेटी उघडलीस आणि मी म्हणलं, "आगं बाई, नवरीच्या पेटीत मोटार कशाला?" तू म्हणालीस, "घरात अडकल्यावर वाचायला, आक्का."

आणि अडकायचो तर आपण दोघी दर महिन्याला. त्या दिवसांत बाहेरच्या पडवीत घोंगडीवर वेगळं बसायचं. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, देवाला तर नाहीच नाही. पोथीवर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. तू तिथं पहिल्यांदा पुस्तक उघडलंस तेव्हा सासूबाई दारातून केवढ्यांदा ओरडल्या होत्या, आठवतं?

"आगं ए, बाटवशील की! काय वाचतीस?"

तू सरळ पान त्यांच्याकडं वळवलंस. त्यावर मोटारीचं उभं कापलेलं चित्र. "देवाचं न्हाय, आत्याबाई. मोटारीचं हाय."

सासूबाईंनी लांबूनच वाकून निरखून बघितलं. देव काही दिसेना. "मग वाच," म्हणाल्या, "मोटारीला कसला आलाय विटाळ."

असा आपल्याला परवाना मिळाला. बायांनी काय शिवायचं आणि काय शिवायचं नाही याचे घरात शंभर नेम होते, पण विज्ञानाच्या पुस्तकाचा नेम करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढं पुढं आपले दोघींचे दिवस एकदमच यायला लागले तेव्हा मात्र त्या चिडल्या. "दोघीबी एकदमच कशा बसता गं? आन् भाकरी काय तुमचा सासरा थापणार?" आपण पदर तोंडात कोंबून हसलो होतो.

त्या घोंगडीवर तू मला वाचायला शिकवलंस. तुझं बोट ओळीखालून सरकायचं आणि माझी जीभ त्याच्या मागून लंगडत यायची. न अडखळता मी वाचलेली पहिली ओळ, "मोटार सुरू करण्यापूर्वी विजेचा पुरवठा तपासा." माणसं श्रीकारानं सुरुवात करतात, मी पुरवठ्यानं केली. तू एवढी खूश झालीस की मला शिवायला निघालीस आणि थबकलीस. मग आठवलं, शिवलं तरी काय बिघडतंय, दोघीही बाहेरच्याच.

माझं आवडतं शरीराचं. आतडं उलगडलं तर किती लांब होतं ते वाचून मी दिवसभर पोटावर हात ठेवून फिरले होते, सांडतंय की काय म्हणून. हृदयाच्या चित्रात निळं रक्त एका बाजूनं आत जायचं आणि लाल होऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर यायचं. मी म्हणायचे, बघ, किती राबतंय बिचारं, आणि तू म्हणायचीस, "पंप हाय आक्का, दुसरं काय." त्यातली काही पानं सासरे खाकरले की आपण भराभर उलटायचो. ताऱ्यांचं पुस्तक दोघींचं सारखंच लाडकं, पण त्याची एक अडचण होती. दिवसा तारे नसायचे आणि अंधार पडल्यावर आपल्याला झोप यायची.

मोटारीचं पुस्तक मात्र तुझं. त्यातही शेवटचं प्रकरण, "दोष व उपाय". पानाच्या डाव्या बाजूला दोष, उजव्या बाजूला उपाय. उजवी बाजू तुझी तोंडपाठ. मी डावीकडचं वाचायचे आणि थांबायचे, की तू लगेच.

"मोटार गरम होते."

"भार कमी करा. पंख्याची जाळी साफ करा."

"मोटार खडखड आवाज करते."

"बेअरिंगला ग्रीस द्या."

"मोटार उलटी फिरते."

"कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा."

इथं आपलं भांडण सुरू व्हायचं. तीन फेजच्या तीन वायरी, त्यातल्या कोणत्याही दोन बदला, मोटार सुलटी फिरणार. मी म्हणायचे, कोणत्याही दोन कशा चालतील? तू पडवीत तीन वाट्या गोल मांडल्यास. तिखट, मीठ, गूळ. "आता बोट लावून चाटत या, आक्का. तिखट, मीठ, गूळ. आता ह्या दोन बदलते. आता काय आलं? तिखट, गूळ, मीठ. झाली का न्हाय उलटी?" झाली होती. पण मी कशाला कबूल करतेय. मी म्हणलं, "आन् तिन्ही बदलल्या तर?"

"तर काय बी व्हायचं न्हाय. हाय तशीच फिरंल."

"ह्ये कुठलं शास्तर! दोन बदलून उलटी, तर तीन बदलून आणखी उलटी व्हायला पायजे."

"आणखी उलटी म्हंजे कशी, आक्का? जमिनीत शिरंल का?"

माझ्या बोटाला तिखट लागलं होतं आणि तेच बोट डोळ्याला गेलं. मी रागानं उठून गेले. ते भांडण मी शेवटपर्यंत मिटू दिलं नाही. तू दर थोड्या दिवसांनी विचारायचीस, "आक्का, तिन्ही वायरीचं पटलं का?" आणि मी म्हणायचे, "बघू."

आता लाल कापडाचं सांगते. हे सांगायलाच बसलेय, आणि मघापासून वाट्या मांडत बसलेय.

वय झालं, महिन्याचं अडकणं संपलं, तशी पुस्तक उघडायची सोयही संपली. रिकाम्या बाईच्या हातात लोकांना काहीतरी लागतं. शेंगा फोड, लसूण सोल, वाती वळ. पुस्तक दिसलं की, "काय आक्का, परीक्षा हाय का?" सासूबाई गेल्या, त्यांची पोथी नणंदेनं नेली, नुसतं लाल कापड मागं राहिलं. ते मी काढलं. कबूल करते, मीच. पुस्तकं त्यात बांधली, ओट्यावर बसले, कापड सोडून मांडीवर पसरलं आणि त्यावर मोटारीचं पुस्तक उघडलं. लांबून बघणाऱ्याला लाल दिसतं, पान दिसत नाही. त्या दिवशी गल्लीतली एक बाई तावातावानं बोलत आली आणि आपल्यापुढं आल्यावर आवाज खाली करून, पदर सावरून गेली.

"बघा आक्का," तू म्हणालीस, "मोटारीला भिऊन गेली."

हसून हसून आपल्या डोळ्यांत पाणी आलं. तोवर ती गंमत होती. पुढं ती गंमत राहिली नाही. नेमकी कधी संपली ते मला कळलं नाही, तुला मात्र कळलं होतं.

आपलं घर तामलवाडीला सडकेच्या कडेला. कोजागिरीला सोलापूरकडून तुळजापूरला चालत जाणारी माणसं आपल्याच ओट्यावर टेकायची, पाणी प्यायची. एका वर्षी पायाला फोड आलेली एक बाई बोचक्यावर डोकं टेकून विचारायला लागली, "आजी, कुठली पोथी वाचता?"

"देवीचीच," मी म्हणलं.

तू माझ्याकडं बघितलंस. नुसतं बघितलंस. तिला चप्पल काढायला लावून तू तिच्या पायावर गार पाणी ओतलंस, आणि मी तिचा नमस्कार घेतला.

मग तो रोग आला, सगळं जग घरात अडकलं. देवीचं देऊळ बंद झालं. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर बांधून, हळदी-कुंकवाच्या वाट्या घेऊन आल्या. "आईचं दार बंद हाय आक्का, आमी इथंच डोकं टेकतो." एकीनं बोचक्याला कुंकू लावलं. ओलं होतं, कापडातून झिरपलं. ताऱ्यांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर तो डाग अजून आहे.

त्या गेल्यावर तू म्हणालीस, "आक्का, आता सोडा ह्ये कापड. सांगून टाकू."

"लोक काय म्हणतील?"

"हसतील. हसू द्या की. हसून कुणाचं वायंडिंग जळत न्हाय."

"तुला कळत न्हाय."

"मग समजावून सांगा."

मी सांगितलं नाही. आज सांगते. माझं कपाळ मोकळं झाल्यापासून मला कुठल्या हळदी-कुंकवाला कुणी बोलवत नव्हतं. बारशाला गेले तर भिंतीकडंच्या बाजूला बसायचे. तुझे मालक तेव्हा होते, बाया तुझी ओटी भरायच्या, मी बघायचे. ते लाल कापड मांडीवर आलं आणि त्याच बाया मला पुढं बसवायला लागल्या. "पोथीवाल्या आक्का आल्या, जागा द्या." कौसे, मला ते गोड लागलं. मी ते सोडायला तयार नव्हते.

तू ते न सांगताच ओळखलंस. म्हणालीस, "मान तुमाला हाय का कापडाला?"

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून, एका ताटलीत शेंगा फोडून, मी तुझ्याशी बोलत नव्हते. शेवटी तूच आलीस, पुस्तक पुढं सरकवून म्हणालीस, "मोटार गरम झाली. उपाय काय?" आणि मला हसू आलं. कापडाचा विषय मात्र तू पुन्हा काढला नाहीस. वायरींचा काढायचीस, कापडाचा नाही.

साखरेनं तुझे डोळे नेले, तेव्हापासून वाचायचं काम माझ्याकडं आलं. मग मूत्रपिंडं गेली. दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना, त्यातही दुपारी आपलं वाचन होतंच. गोळ्या संपलेलं चंदेरी पाकीट तू मला खूण म्हणून पानात घालायला लावायचीस. शरीराच्या पुस्तकातलं मूत्रपिंडाचं प्रकरण तू माझ्याकडून सबंध वाचून घेतलंस. मी मध्ये थांबले तर म्हणालीस, "गाळू नका, आक्का. मोटार जळालीय का जळायचीय, एवढं तरी मालकिणीला कळू द्या." मी गाळलं नाही. तेवढं एक मी तुझ्याशी नीट वागले.

आणि मग त्या दुपारी मी काय केलं ते तुला ठाऊक आहे.

दवाखान्यानं घरी न्या म्हणलं होतं. खोली माणसांनी भरलेली. बाळू तुझ्या डोक्याशी, त्याची बायको रेखा तुझे तळवे चोळतेय, गल्लीतल्या बाया दारापर्यंत. तुझा हात हलला. मी कान तुझ्या तोंडाशी नेला.

"आक्का, दोष वाचा."

मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणती ओ?"

मी म्हणलं, "पोथी वाचा म्हणती."

सगळ्यांनी हात जोडले. बाळूनंच बोचकं माझ्या मांडीवर आणून दिलं. मी कापड पसरलं, चंदेरी पाकिटाशी पुस्तक उघडलं. समोर ओळ होती, "मोटार गुणगुणते, पण फिरत नाही." एवढीच ओळ वाचायची होती. तुझे ओठ उपाय सांगायला तयार होऊन थांबले होते, मला दिसत होतं. मी मान वर केली. इतक्या जोडलेल्या हातांपुढं माझ्या तोंडातून मोटार निघेना. निघाले ते लहानपणापासून पाठ असलेले देवीचे श्लोक. डोळे मोटारीवर आणि तोंडात देवी. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला.

तुझ्या कपाळाला आठी पडली. मग ती आठी गेली. तुला कळलं होतं. दिसत नसलेले डोळे तू माझ्याकडं वळवलेस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "आक्का, पान उलटा."

इतका वेळ मी एकाच पानावर होते. लोकांच्या ध्यानात येईल, एवढी काळजी तुला तशातही पडली होती.

मी पान उलटलं. त्यानंतर तू काही बोलली नाहीस.

मी ती एक ओळ वाचली असती तर तुझं शेवटचं बोलणं तुझं स्वतःचं असतं. एक उपाय असता. ते माझं पितळ झाकण्यात गेलं.

आणि लोक काय म्हणतात ऐक. भेटायला येणारी प्रत्येक बाई तेच. "काय भाग्य म्हणायचं! पोथी ऐकत ऐकत गेली. 'आक्का, पान उलटा' म्हणली म्हणं. शेवटच्या घटकेलाबी केवढं भान!" मग माझ्याकडं वळून, "अशी जाऊ मिळायला पुण्य लागतं, आक्का." कुणी माझे पाय धरतं. सुतकात पाया पडू नये, एवढं म्हणून मी पाय आवळून घेते. रीत सांगून सुटका करून घेते, खरं सांगून नाही.

काल दुपारी कुणी नव्हतं. शेजारणीनं पिठलं-भाकरीबरोबर वाट्या पाठवल्या होत्या. त्यातल्या तीन धुऊन गोल मांडल्या. तिखट, मीठ, गूळ. तिन्ही एकेक घर पुढं सरकवल्या आणि बोट लावत गेले. तिखटामागं मीठच आलं, मिठामागं गूळच. पुन्हा सरकवल्या, पुन्हा तेच. तू बरोबर होतीस. तिन्ही बदलल्या तर काहीच होत नाही. हे "बघू" म्हणून टाळलं नसतं तर तुला केवढा आनंद झाला असता. रेखानं येऊन बघितलं, तर म्हातारी वाट्यांपुढं बसून रडतेय. तिला वाटलं तिखट डोळ्यात गेलं.

संध्याकाळी बाळू जेवताना म्हणाला, "मोठ्याई, एक ठरवलंय. तेराव्याला ही पोथी मारुतीच्या देवळात ठिवू. आईचं नाव घालून. जे येईल ते दर्शन घिईल."

घास माझ्या हातातच राहिला. पहिल्यांदा भीती वाटली, देवळात कुणीतरी उघडणार आणि गावापुढं शोभा होणार. मग त्याहून वाईट ध्यानात आलं. कुणी उघडणारच नाही. वर्षानुवर्षं कुंकू लावतील, फुलं घालतील, आणि तुझा भाऊ, तुझी पुस्तकं, तुझं सगळं ते लाल कापड गिळून टाकेल. तुझ्या नावानं माझं खोटं देवळात बसेल.

आज सकाळी बाया बसलेल्या असतानाच मी बोलले. एकट्याला गाठून सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, पण खोटं चारचौघांत बोलले होते.

"बाळू, ते बोचकं खाली काढ."

"मोठ्याई, सुतक हाय."

"सुतक देवाच्या पोथीला. मोटारीला कसला आलाय विटाळ."

त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. रेखा दंडाला धरून म्हणाली, "आत्या, चला, पडा जरा." मी म्हणलं, "पडते, आधी त्याला गाठ सोडू दे." तो स्टुलावर चढला. बोचकं खाली आणलं. गाठ सोडायला त्याचा हात धजेना, तेव्हा मीच सोडली.

मोटार. शरीर. तारे.

"अगं बया," एकजण म्हणाली. दुसरीला हसू फुटलं, तिनं ते पदरात दाबलं. ओलं कुंकू लावणारी तीही होती. तिनं पुठ्ठ्यावरचा डाग बघितला, माझ्याकडं बघितलं आणि उठून चालती झाली. सुतकाच्या घरातून निघताना "येते" म्हणत नाहीत, त्यामुळं ती रीतीनं गेली की रागानं, ते मला कळलं नाही.

बाळू पुस्तक हातात घेऊन उभाच. "समद्यास्नी फशिवलं तुमी. मलाबी."

"व्हय."

"आन् आईनं?"

"आई कापड सोडा म्हणत होती. म्याच सोडू दिलं न्हाय."

"मग त्या दिवशी तिला काय वाचून दावलं?"

"देवाचंच म्हणलं. पाठ होतं ते. तिनं दुसरं मागितलं होतं."

"काय मागितलं होतं?"

मी चंदेरी पाकिटाचं पान दाखवलं. त्यानं वाचलं की नाही, कुणास ठाऊक. पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि बाहेर अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला. मी हाक मारली नाही. त्याला काय म्हणून हाक मारू?

बाया हळूहळू उठल्या. कुणी पाय धरले नाहीत. दोघी-तिघी राहिल्या, त्या माझ्यासाठी राहिल्या की पुढं काय होतंय ते बघायला, मी विचारलं नाही. रेखा मात्र माझ्याजवळ सरकून बसली. तुझ्या दिव्यापुढं मी पुस्तक उघडलं, लाल कापड खाली न घालता, नुसत्या मांडीवर. खाकरले. मग सडकेपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं वाचलं.

"मोटार गुणगुणते, पण फिरत नाही."

आणि सवयीनं थांबले.

उजव्या बाजूला उपाय छापलेला होता, दिसत होता. पण तो मी आजवर कधी वाचलेला नाही, तो तुझा. रेखा पानाकडं बघत होती, मग माझ्याकडं. दिव्याची वात चुरचुरली.

अंगणातून, पाठ न वळवता, बाळू म्हणाला, "एक फेज आला नसंल."

त्यानं अजून माझ्याकडं बघितलेलं नाही, कौसे. मी पुढचा दोष वाचला.